डाव्या पायाचा बूट

हेन्रिक आला तेव्हा जोनासी लीटियाआत्याच्या घरी चहा ओतत होता. हेन्रिक बूट न काढताच दाराशी स्टुलावर टेकला. घाईत आहे म्हणाला. जोनासीला ते खटकलं. उत्तर कॅनडातल्या या कौसुइत्तुक गावात कुणाच्या घरात कुणी बूट घालून बसत नाही, आणि हा तर इथे दरवर्षी येणारा.

हेन्रिकची तक्रार विचित्र होती. उद्या विमान हेन्रिकला, त्याची मुलगी मारेनला आणि एका सोबत्याला समुद्राच्या बर्फावर सोडणार होतं. तिथून उत्तर ध्रुवापर्यंत पायी. बापलेक गेल्या आठवड्यात बर्फावर तंबू ठोकून सरावही करून आले होते. आणि काल रात्रीतून मोहिमेच्या शेडमधला हेन्रिकचा कॅरिबू हरणाच्या कातड्याचा डावा बूट नाहीसा झाला. उजवा जागेवर, कुलूप शाबूत. पायातल्या रोजच्या बुटांनी त्या थंडीत निभणार नव्हतं. किल्ल्या मोहिमेच्या तिघांकडे, वैमानिकाकडे आणि मोहिमेचं सामान व रेडिओ सांभाळणाऱ्या जोनासीकडे.

"एकच बूट कोण चोरेल, आत्या?" जोनासीनं विचारलं.

लीटियाआत्यानं उमेदीची वर्षं पोलिसात काढली होती. आता गावातलं हरवलेलं शोधून द्यायची. ती अनोरॅकचा जाड कोट चढवून निघाली, जोनासी तिच्या मागोमाग.

वैमानिकानं स्पष्टच सांगितलं: उद्या जो तयार असेल तो येईल, नंतर बर्फावर उतरता येणार नाही. बूट शिवणारी कूपा सुईवरून नजर न काढता म्हणाली, "नव्याला आठवडा लागेल. मारेनलाही परवा तेच सांगितलं. एक बूट शिवायला किती वेळ लागतो, विचारत होती." जोनासीनं मान डोलावली. सोबती रात्रभर वैमानिकाशी पत्ते खेळत होता. मारेन स्लेजच्या दोऱ्या तपासत होती. वाट मला पाठ आहे, बाबांशिवायही जाऊ, म्हणाली. बुटाबद्दल चकार शब्द नाही.

संध्याकाळी आत्यानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"चोराला बूट नको होता," ती म्हणाली. "हेन्रिक उद्या जायला नको, एवढंच त्याला हवं होतं. मारेननं परवा एका बुटाचं विचारलं. लोक जोडी शिवून घेतात. आणि बूट तर गेला काल."

जोनासीनं कपाळावर हात मारला.

"आता डावाच का? हेन्रिक, सकाळी तू माझ्या घरात बूट काढला नाहीस. आता काढ."

हेन्रिकनं डावा बूट सावकाश काढला. दोन बोटं काळी पडली होती.

"सरावात गारठली," तो पुटपुटला. "हिनं पाहिलं. मी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही."

"मी कुणाला सांगितलं नाही, बाबा," मारेन म्हणाली. मग तिला रडू फुटलं. हेन्रिकनं तिला जवळ घेतलं, बूट कुठे आहे हेही विचारलं नाही.

सकाळी विमान मारेनला आणि सोबत्याला घेऊन गेलं. गावातल्या नर्सनं हेन्रिकचा पाय बांधून दिला. आठवडाभर चालायचं नाही म्हणाली. जोनासीनं रेडिओसमोरची आपली खुर्ची हेन्रिकला दिली आणि स्वतः खोक्यावर बसला.

खरखरीतून मारेनचा आवाज आला. तंबू लागला होता, वारा कमी होता.

"बाबा, पाय कसा आहे?"

हेन्रिकनं बटण दाबलं.

"दोन्ही बोटं जागेवर आहेत," तो म्हणाला. "तू चाल."