एचकीच्या चाकांवरचा चिखल

"थांबव! गिअर गेला परत!"

"गेला नाही, कुरकुरतोय. नवा आहे, सवय होऊ दे त्याला," रिमोट सांभाळत एल्दार म्हणाला.

"लोखंडाला सवय होते होय? तुला तेरा वर्षांत आंघोळीची झाली नाही!" त्याची धाकटी बहीण झिबेक म्हणाली. वय दहा, पण जीभ चाळिशीची!

त्यांची चुलतबहीण बेगायम मात्र गाडीतच गुंतली होती. बारा वर्षांची ही पोर टेकडीच्या उतारावर पालथी पडून गाडीची चाकं निरखत होती.

गाडीचं नाव एचकी, म्हणजे शेळी. बाजारातली सगळ्यात स्वस्त रिमोटची गाडी होती ती. आणली तेव्हा तिला शेळी काय, गोगलगाय म्हणायचीही लाज वाटली असती. पहिल्याच दगडावर गिअरचे प्लास्टिकचे दात गेले. मग दोन उन्हाळे तिघांनी तिचा एकेक अवयव बदलला. गिअर लोखंडाचे आले. स्प्रिंगच्या नळ्यांत शिलाई मशीनचं तेल गेलं. पोकळ टायर वळणावर दुमडायचे, म्हणून त्यांत जुन्या नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी जाजमाचे, तुकडे कोंबले आणि चाकांना आतून मासे पकडायच्या गळाचं शिसं चिकटवलं. मोटार एका मेलेल्या ड्रिलमधली. आता एचकी खरोखर शेळीसारखी चढायची.

तिच्या शेजारी अर्ध्या उतारावर एक चकचकीत लाल गाडी जागच्या जागी चाकं फिरवत होती. ती कनातची. त्याच्या वडिलांनी, गावातल्या हॉटेलवाल्या मेलिसने, राजधानीतून आणलेली.

"ढकलून देऊ का रे?" झिबेकने गोड आवाजात विचारलं.

कनातचे कान लाल झाले. "चोराच्या पोरी!" तो बेगायमकडे बघून ओरडला. "तुझा बाप पाणी चोरतो, तू गाडीचे भाग चोरतेस! आमच्या तळ्यात मासे उड्या मारतायत आणि खालच्या आळीचा राजमा वाळतोय. कुणामुळे? शनिवारी कळेलच सगळ्यांना!"

बेगायमचे वडील कुबान गावचे मुराब, म्हणजे पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात. त्या उन्हाळ्यात पाटाच्या वरच्या दरवाजातून पाणी भरून निघायचं आणि खालच्या आळीत पोचेपर्यंत निम्मं व्हायचं. मग काय, कुबान पाणी विकतो, असं लोक म्हणू लागले. आधी दबक्या आवाजात, मग त्यांच्या तोंडावर. शनिवारी गावातल्या वडीलधाऱ्यांची, अक्साकालांची बैठक होती. त्या दिवशी कुबानकडून पाटाची चावी काढून घेणार होते. आमच्याकडे ज्याची चावी जाते, त्याच्या घरी कुणी चहालाही जात नाही.

बेगायमने एल्दारच्या हातातून रिमोट हिसकावला आणि खटका पार दाबला. एचकी सुसाट सुटली, कनातच्या लाल गाडीला धडकून तिला उलथवून गेली, टेकडीच्या माथ्यावरून उडाली आणि पलीकडच्या खळग्यात दिसेनाशी झाली.

"मेली!" एल्दार कळवळला.

मेली नव्हती. तिघं धापा टाकत पोचले, तेव्हा ती खळग्यातून स्वतःच वर आली. झिबेकने तिला उचललं आणि "ई!" करून लगेच खाली ठेवलं.

"काय झालं?"

"चिखल!"

तिघांनी वाकून टायर बघितले. चाळीस दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. पाट टेकडीच्या दुसऱ्या बाजूला. मग टायरच्या खाचांत हा काळा, ओला, ताजा चिखल आला कुठून?

खळग्यात झुडपांमागे एक जुना लोखंडी पाइप जमिनीतून डोकं वर काढत होता. वरचा पत्रा गंजून फुटला होता आणि त्या भोकाभोवतीचं गवत हिरवंगार होतं. बेगायमने कान लावला. आतून पाणी धावत होतं!

"ही तर जुन्या दूधडेअरीची पाइपलाइन," एल्दार म्हणाला. "तीस वर्षांपूर्वी बंद केलीय. पाटाकडून येते आणि जाते..." त्याने मान वळवली. पाइपच्या रेषेत, साठ-सत्तर पावलांवर, एक उंच भिंत होती. भिंतीपलीकडे मेलिसचं हॉटेल आणि मासे पाळायचं तळं. जिवंत झऱ्यावरचं तळं, असं मेलिस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

"झरा म्हणे!" झिबेक म्हणाली. "झऱ्याला गंज लागतो हे आजच कळलं."

बेगायम धावत घरी आली. वडील अंगणात घोड्यापाशी उभे होते. घोड्याची शेपटी बुडापासून कापलेली होती.

हे वाचून तुम्ही म्हणाल, शेपटीच ती, वाढेल परत. तुम्हाला ठाऊक नाही. मालक मेला की घोड्याची शेपटी कापतात. जिवंत माणसाच्या घोड्याची कापली, तर त्याला मेल्यात जमा केलं असा अर्थ होतो. हे करणारा माणूस गावातलाच होता, रोज सलाम करणारा.

"कुणी कापली, बाबा?"

"कात्रीने कापली," कुबान म्हणाले, आणि घोड्याला पाणी पाजायला घेऊन गेले. माणूस असा मऊ होता, की त्याचा राग यावा.

बेगायम तडक तोकोन अक्साकालांकडे गेली. शनिवारच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. म्हातारा सचोटीचा होता, पण त्याला एक खोड होती. मेलिसचा बाप होता तो.

"आजोबा, टेकडीमागे चिखल आहे. जुन्या पाइपमधून पाणी..."

"पोरी," तोकोननी हात वर केला. "मेजवानीत मेंढीचं डोकं कापल्यावर कान कुणाला देतात?"

"मुलांना."

"का देतात?"

"मोठ्यांचं ऐकावं म्हणून."

"मी स्वतः तुला किती कान दिलेत! सगळे वाया गेले. बापाला वाचवायला दुसऱ्याच्या घरावर चिखल उडवू नये. जा."

चिखल कुठे आहे, एवढंसुद्धा त्यांनी विचारलं नाही. बेगायम फाटकाबाहेर आली आणि रागाने रडली. मग नाक पुसून तिने एल्दारला हाक मारली.

"मेलिसकाकांच्या आवारात शिरता येत नाही, कुत्री आहेत. पाइपमध्ये आपण मावत नाही. पण एचकी मावते."

"पाण्यात बुडेल की!"

"बाबा रोज बाराला जाळीतला पाला काढायला पाटाचा दरवाजा बंद करतात. अर्धा तास. तेवढ्यात पाइप रिकामा होईल."

शुक्रवारी सकाळभर तिघं एचकीला सजवत बसले. रिमोटचा संदेश घेणारी डबी वंगण लावून फुग्यात बांधली. पुढे दोन दिवे लावले. टपावर एल्दारचा तडा गेलेला फोन काळ्या चिकटपट्टीने आवळला. मागे मासे पकडायची शंभर मीटर दोरी बांधली.

"परत येईल ना?" झिबेकने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

"लोखंडाचे गिअर आहेत तिचे," एल्दार म्हणाला. हे काही उत्तर नव्हतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी पाइपमधला आवाज थांबला. त्यांनी एचकीला भोकातून आत सोडलं. दिवे लागले, चाकं घरघरली आणि ती शेवाळावरून घसरत, सावरत अंधारात निघून गेली. बेगायमच्या बोटांतून दोरी सुटत होती. वीस मीटर. चाळीस. पन्नास.

दोरी थांबली आणि पाइप बोलू लागला!

"बाबा! बाबा, जाळीमागे दिवे दिसतायत!" हा कनातचा आवाज होता, घुमत घुमत आलेला. मग जड पावलं आणि मेलिसचा आवाज.

"खेळणं आहे कसलं तरी. वाहून आलंय. कुबानच्या पाटातून नुसतं पाणी येत नाही, कचरापण येतो! पहार आण!"

"मोडा बाबा! चेंदामेंदा करा!"

कनातने एचकीला ओळखलं होतं. तिच्या धडकेने आपली गाडी उलथलेली तो विसरला नव्हता. पण गाडी कुणाची ते सांगितलं असतं, तर बाप विचार करायला थांबला असता. आणि कनातला एचकी मोडलेली बघायची होती. म्हणून तो गप्प राहिला. दुष्टपणा माणसाला कसा मूर्ख बनवतो, बघा!

धाड! पाइप हादरला. धाड! धाड!

"ओढ!" बेगायम किंचाळली.

"रिव्हर्स लागत नाहीये! चाकं फिरत नाहीत!" एल्दारच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो रिमोटचा खटका दाबतच होता.

तिघांनी मिळून दोरी ओढली. हाताची सालं निघाली. लांबून पाटाचं पाणी सुटल्याचा घों घों आवाज येऊ लागला, आणि ते येऊन आदळायच्या आत एचकी भोकातून बाहेर आली. म्हणजे अर्धी आली. पुढची दोन्ही चाकं नव्हती. सांगाडा वाकला होता, मोटारीतून धूर येत होता, फाटलेल्या टायरमधून नमदा लोंबत होता. दोन उन्हाळे!

टपावरचा फोन मात्र चालू होता.

शनिवारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुबान मधोमध उभे होते. बोलणाऱ्यांना ऊत आला होता. कालपर्यंत त्यांच्या घरी लोणी-पाव खाल्लेली माणसं 'आम्हाला आधीच संशय होता' म्हणत होती. खुद्द एल्दारचे वडील, कुबानचे सख्खे भाऊ, छताकडे बघत बसले होते.

बेगायमने पुढे होऊन फोन धरला. "आजोबा, एकदाच बघा."

तोकोननी तो न बघताच बाजूला सारला. "मुलांना बाहेर काढा. कुबान, चावी ठेव."

कुबाननी चावी टेबलावर ठेवली. तेव्हा बेगायमने दारापाशी उभ्या असलेल्या एल्दारकडे बघून मान हलवली. झिबेकच्या फोनवर त्याने ती चित्रफीत आधीच घेऊन ठेवली होती. त्याने चित्रफीत गावच्या गटावर टाकली.

टिंग! कुणाच्या तरी खिशात वाजलं. टिंग! टिंग! टिंग! माणसं चडफडत फोन काढू लागली. एका क्षणात चाळीस पडद्यांवर जाळी आली, जाळीमागे तळं आलं, आणि पहार उगारलेला मेलिसचा चेहरा आला, घामट आणि हसरा. "कुबानच्या पाटातून नुसतं पाणी येत नाही, कचरापण येतो!" हे वाक्य इथून, तिथून, मागच्या बाकावरून, पुन्हापुन्हा ऐकू येत राहिलं. मेलिसने मागचं दार गाठलं. तिथे खालच्या आळीतल्या बायका उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

तोकोननी आपला फोन हात लांब करून धरला होता. चित्रफीत संपली, त्यांनी पुन्हा लावली. मग टेबलावरची चावी उचलून कुबानच्या हातात दिली. त्यांना कुणी खुर्चीही पुढे केली नाही.

मेलिसला स्वतःच्या हातांनी पाइप बुजवावा लागला. दोन दिवसांत तळं आटत आलं आणि उरल्या पाण्यात मासे पोट वर करून तरंगले. कनात काठावर उभा होता. झिबेकने त्याच्या शेजारी उभं राहून ते मासे मोठ्याने मोजले, एकही न वगळता. निम्मा राजमा मात्र वाळला तो वाळलाच.

दंड म्हणून मेलिसने मेंढी दिली आणि ती कुबानच्याच घरी शिजली. सगळे आले! सगळ्यांनी हात धुतले, ऐसपैस बसले, रस्सा भुरकला. पोरांच्या हुशारीचं केवढं कौतुक! "असं डोकं राजधानीतसुद्धा नाही." "या मुलांनी गावाची लाज राखली." एल्दारच्या वडिलांनी तर भावाला मिठी मारली. घोड्याची शेपटी कुणी कापली, हे कुणी विचारलं नाही. तो माणूस याच घरात बसून बोटं चाटत होता.

मेंढीचं डोकं मानाने कुबानपुढे आलं. त्यांनी ते तोकोनकडे सरकवलं. म्हाताऱ्याने सुरीने कान कापला आणि घसा साफ केला.

"बेगायम, पोरी, तू बापाचं नाव राखलंस. शाबास! हा घे. अशीच मोठ्यांचं ऐकत जा."

बेगायमने दोन्ही हात पुढे करून कान घेतला. क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग तो तसाच दोन्ही हातांनी तोकोनपुढे धरला.

"हा तुम्ही खा, आजोबा. याची गरज तुम्हाला आहे."

एल्दारच्या आईने तोंडावर हात ठेवला. आता कुबान मुलीला दटावणार, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले. कुबान शांतपणे चहा ओतत राहिले.

तोकोननी कान घेतला. तोंडात घातला. कान चिवट असतो, आणि म्हाताऱ्याला दात थोडे. तो बराच वेळ चावत राहिला आणि तोवर कुणी घासाला हात लावला नाही.

"दुसरा मेलिसकाकांना ठेवा," झिबेक म्हणाली.

तोकोननी गिळलं. डोळे पुसले.

"त्या दिवशी तू मला काहीतरी सांगायला आली होतीस," ते म्हणाले. "सांग आता."

"टेकडीमागे चिखल होता," बेगायम म्हणाली. आणि तिने सुरुवातीपासून सगळं सांगितलं, एकेक गिअर, एकेक टायर, पहारीचा एकेक घाव. रस्सा गार झाला, त्यावर चरबीची साय धरली, तरी तिचं संपेपर्यंत म्हातारा जागचा हलला नाही.