मोसंबीची परीक्षा

सुरतेतल्या लिंबायतच्या भर रस्त्यात गायत्रीच्या चपलेतून खिळा आरपार गेला. रिक्षावाल्यानं तिला जवळच्या दवाखान्यात सोडलं. तिथला सावळा, हसरा कंपाउंडर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पुढे आला.

"गाव कोणतं तुमचं?"

"अमळनेर. आधी इंजेक्शन द्या ना!" डोळे घट्ट मिटून ती म्हणाली.

"दिलं की. महिन्यानं दुसरा डोस, विसरू नका."

स्वतः नर्स असून तिला कळलंसुद्धा नव्हतं! घरी जाताना पाय लंगडत होता आणि मन... जाऊ द्या, मनावर अजून इंजेक्शन निघालेलं नाही.

प्लेग येऊन गेल्यापासून सुरतेत सगळ्यांना सगळं नव्यानं शिकवायची लाट आली होती. गायत्रीच्या इस्पितळातही कंपाउंडरांचं उजळणी-शिबिर सुरू झालं, दर सोमवारी. शिकवायला गायत्री, सुई टोचून घ्यायला माणसाऐवजी मोसंबी. आणि पहिल्याच बाकावर – तो! निंबा.

सुरतेच्या रिवाजानं सगळे तिला 'गायत्रीबेन' म्हणत. निंबा तेवढा 'मॅडम' म्हणे. का, ते न कळायला ती काही मोसंबी नव्हती.

परीक्षेत त्यानं सुई अशी खुपसली, की रस थेट तिच्या एप्रनवर. फेरपरीक्षेत सुई मोसंबी सोडून टेबलात!

तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"निंबाभाई, माझ्या दंडाला कळलं नाही, आणि मोसंबीवर एवढा राग?"

"'भाई' म्हटलंत की हात थरथरतो, मॅडम."

"चेष्टा पुरे. आता शेवटची संधी. नापास झालात तर सुई काढून घेतील, केसपेपर फाडत बसाल."

"आणि पास झालो तर? शिबिर संपलं... तुम्ही इथं, मी लिंबायतला."

गायत्री रागानं लाल झाली. निदान तिची समजूत तशी होती.

"तिकडे पोरंबाळं त्या हाताची वाट बघतात, आणि तुम्ही तो मुद्दाम बिघडवताय?" मग पदराशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "आणि... माझा दुसरा डोस बाकी आहे. रविवारी डिंडोलीला घरी येऊन द्यायचा. बाबांसमोर."

झालं! शेवटच्या परीक्षेत निंबाचा हात खरोखरच थरथरू लागला.

"मोसंबी धरू का?" गायत्रीनं विचारलं.

"नको नको! तुम्ही धरलीत तर मग संपलंच."

त्यानं खोल श्वास घेतला आणि सवयीनं मोसंबीकडेच वळला. "गाव कोणतं तुमचं?"

सुई आत, औषध आत, सुई बाहेर. सालीवर थेंब नाही.

"पास," गायत्री म्हणाली. "रविवारी या... निंबा."

'भाई' गळाल्याचं सबंध वर्गाच्या लक्षात आलं. मोसंबीला मात्र कशाचाच पत्ता नव्हता.