सालीचं पाणी

आप्पांनी पुन्हा तोंड फिरवलं, आणि युवराजच्या हातातल्या फुलपात्रातलं तांबूस पाणी गादीवर सांडलं! मंगल दारातच थिजून उभी राहिली...

युवराज पाजायला बसल्याचा आजचा हा तिसरा दिवस. दुपारी लोंढ्याचे स्वरूप मास्तर मंगलकडून लग्नाचा शेवटचा होकार-नकार ऐकायला येणार होते. दोनदा तिनं त्यांना परत पाठवलं होतं, कारण अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले तिचे वडील, आप्पा, फक्त तिच्याच हातून या पाण्याचा घोट घ्यायचे आणि त्या घोटाबरोबरच गोळ्या पोटात जायच्या. एकोणचाळीस वर्षांची मंगल हिंडलग्याच्या त्या दोन खोल्यांत अकरा वर्षं कोंडलेली... आणि धाकटा भाऊ युवराज जहाजावर आचारी होऊन जगभर हिंडत होता!

ज्या सालीचं हे पाणी, ती मॉबी नावाच्या झाडाची सालही तोच दर सुट्टीला कॅरिबियन बेटांवरून आणायचा. मूळची कडू; तिकडे ती उकळून, गोड करून पितात म्हणे. युवराजसाहेबांनी ती नुसतीच प्यायली होती, कधी करून पाहिली नव्हती. साल किती, दालचिनी किती, गूळ किती, हे मंगलनं चुकतमाकत शोधलं. तरी गूळ जरासा कमी पडला की आप्पा लहान मुलासारखं तोंड वेंगाडायचे.

"आक्का, मी कायमचा आलोय गं. तू जा," युवराज रडवेला झाला. "आई गेली तवाबी मी आलो न्हाय... येवढं तरी करू दे!"

"आधी त्यास्नी एक घोट पाजून दाव!" मंगलचा वर्षानुवर्षांचा संताप उसळून आला. "न्हायतर मी कुठं जाऊ रं? मास्तरास्नी नकोच म्हणून सांगते."

अंथरुणातून आप्पा दोघांकडे टकामका बघत होते.

युवराज डोळे पुसत स्वयंपाकघरात गेला. बऱ्याच वेळानं, काढा आटवावा तसं आटवलेलं काळपट पाणी घेऊन आला. आप्पांनी डोळे मिटले. एक घोट... दुसरा... गोळ्यांसकट फुलपात्र रिकामं झालं! कपाळावर एक आठी नाही.

"ग्वाड... हाय," ते अडखळत म्हणाले. डावा हात दाराकडे वळला. "तू... जा, पोरी."

युवराज त्यांच्या पायांवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. "आक्का, मला माफ कर गं!" मंगलनं त्याच्या केसांतून हात फिरवला आणि फुलपात्र उचलून आत गेली.

ओट्यावर तिनं काढून ठेवलेला गुळाचा खडा जसाच्या तसा पडला होता. तिनं फुलपात्राच्या तळाला बोट लावून चाटलं... जहर कडू! जीभ आक्रसली, आणि डोळ्यांना धार लागली.

गुळाचा डबा तिनं युवराजच्या हाताला येईल असा पुढं काढून ठेवला आणि मास्तर यायच्या आत साडी बदलायला गेली.