धनुबाईचा पिवळा डबा

बसा. चहा घ्या, पण त्या डब्याला हात लावू नका.

अक्कलकुव्यात माझं रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचं दुकान. माझ्या तापट तोंडाला माझी बायको हलीमासुद्धा कंटाळली आहे. एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, डोंगरातली धनुबाई हा पिवळा डबा घेऊन आली. वरचा दिवा लुकलुकत होता.

"नासिरभाई, सकाळपासून आपोआप लागलाय."

डबा मला माहीत होता. तिचा गोकुळ गुजरातकडे मासेमारीच्या बोटीवर खलाशी. बोट बुडाली की हा डबा पाण्यात आपोआप सुरू होतो आणि वर उपग्रहाला हाक मारतो, माणसं इथे आहेत म्हणून. होळीला गोकुळने तो बोटीवरून गुपचूप काढून आणला. का, तर आईला बाजाराला येताना धरणाचं पसरलेलं पाणी होडीने ओलांडावं लागतं. तिच्या कमरेला बांधायला. मीच तपासून दिला होता. 'परत नेऊन ठेव रे' म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. नुसता हसलो. गोकुळ डब्याशिवायच बोटीवर परत गेला.

"कोरडा डबा लागेल कसा? बिघडलाय." मी पेचकस उचलला.

"राहू दे ना... पोरगं हाक मारतंय, असं वाटतं..."

"काय सांगी ऱ्हायनी मावशी!" मी खेकसलो आणि सेल उपटला. दिवा विझला. त्याच क्षणी दुकानात ओल्या जाळ्याचा, माशांचा वास भरला. समुद्र कुठं, अक्कलकुवा कुठं!

डब्यावर बोटमालकाचा नंबर होता. लावला. तो रडत होता.

"बोट बुडाली, भाई. आमच्या डब्याची हाक येत होती, साठ मैल आत समुद्रातून. शोधणारं जहाज अगदी जवळ पोचलं... आणि पाच मिनिटांपूर्वी हाकच बंद पडली."

सेल परत घातला. दिवा लागला नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. या अल्ला, एकदा तरी लाग!

कुणीच सापडलं नाही.

डबा तिने माझ्याकडेच ठेवला. रोज सकाळी त्याच्याखाली पाणी साचलेलं असतं. मी पुसतो. बाजाराच्या दिवशी मात्र पुसत नाही. ती येते, त्यात करंगळी बुडवते, जिभेला लावते.

"खारट आहे अजून," म्हणते. "दुरुस्त कर, नासिरभाई. तो वाट बघतोय."