खापऱ्यानं काय चावलं

साच्याच्या एका बाजूला सरळ, बारीक चीर होती. एक मिलिमीटर खोल, आत बारीक तांबूस कण. समोरच्या बाजूला, तिच्याच रेषेत, बोथट दाब. अशा तीन जोड्या होत्या आणि तिन्हींची खोली सारखी होती.

रुचिरानं भिंग खाली ठेवलं. भिवंडीतल्या तिच्या छोट्या क्लिनिकमध्ये ती कान तपासायची, श्रवणयंत्रं बसवायची. यंत्राला जोडलेला, कानात बसणारा मऊ साचा तीच माप घेऊन बनवून घ्यायची.

"मांजरच मॅडम, या वेळी पण," समोर बसलेला मितेश म्हणाला. "फॉर्मवर लिहून टाका."

यंत्र मितेशच्या वडिलांचं, अंजूरच्या चांगदेवांचं. पहिलं गणपतीत घेतलं होतं, ते दिवाळीत चावलं गेलं. दुसरं यायला तीन आठवडे लागले. आता संक्रांत झाली होती आणि दुसरंही गेलं होतं.

रुचिरानं ड्रॉवरमधून दिवाळीचा साचा काढला. त्याच्यावर शंकूच्या आकाराचे खड्डे होते, वेडेवाकडे, कमीजास्त खोल. जिथे कानातला मळ लागतो त्या टोकाशी सगळ्यात जास्त. मांजराला तो वास आवडतो.

"हे सापडलं कुठे?"

"खापऱ्याच्या टोपलीत. आईचा बोका."

"आणि बॅटरी?"

"डबीत. तुम्हीच दिलेली ना, फिरकीच्या झाकणाची. डबी बंद होती."

"बॅटरी कोण बदलतं?"

"मी. बाबांच्या बोटांना ते इवलंसं दार उघडत नाही." तो हसला. "का? माझ्यावर डाऊट?"

"विचारतेय फक्त."

"विचारा. पण संध्याकाळच्या आत. बाबांनी ऑर्डर काढलीय, आज खापऱ्याला गोणीत घालून कशेळीच्या गोदामाकडे सोडायचं. तिकडे कुत्री किती आहेत माहितीय ना? आईनं कालपासून अन्नाला हात लावलेला नाही."

नवं यंत्र मागवायच्या फॉर्मवर 'नुकसानीचं कारण' असा रकाना होता. त्याखाली रुचिराची सही लागायची. तिनं तो कोरा ठेवला, चिरलेला साचा आणि एक तात्पुरतं यंत्र पर्समध्ये टाकलं आणि मितेशच्या गाडीत बसली.

चांगदेव ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी रिकामी गोणी आणि तिचं तोंड बांधायला दोर.

"आजोबा, यंत्र रात्री कुठे ठेवलं होतं?" रुचिरानं कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं.

"हां, हां. बरा हाय."

"यंत्र! कुठे ठेवलं?"

"डबीत! झाकन मी सोता लावला. त्या मांजराचा दात पारला पायजे." त्यांनी मितेशकडे पाहिलं. "ऊन उतरला का निघ तू."

"असंच आहे त्यांचं," मितेश पुटपुटला. "ऐकू आलं नाही की हां म्हणतात. अकरा वर्षं झाली."

"यंत्र आल्यावर तुमची अडचण व्हायची का काही?"

"खोटं कशाला बोलू? फोनवर गोदामाच्या भाडेकरूशी बोललो तरी मध्ये तोंड घालायचे. पण मला ते मोडायचं असतं, तर पकडीनं दोन मिनिटांत भुगा केला असता."

पकडीची खूण जाळीदार उमटली असती. रुचिरानं ते मनातच ठेवलं.

मितेशची बायको मृणाली आत तांदूळ निवडत होती.

"खापऱ्या गेला तर तुम्हाला बरं वाटेल?" रुचिरानं विचारलं.

"हो तर! माझे दोन चार्जर खाल्लेत त्यानं. इयरफोन वेगळे." ताटातला खडा तिनं बाजूला टाकला. "पण कुत्र्यांपुढे टाकायचं म्हणजे... तसं नको होतं मला."

"यंत्र आल्यापासून घरात काय बदललं?"

मृणाली थोडी अडखळली. "आई गप्प झाल्या. आधी दिवसभर बोलायच्या. बाबांना वाढताना, पाणी देताना, सतत."

"काय बोलायच्या?"

"मी सून आहे ताई. मी कानावर पडू देत नाही." मग हळूच, "मधले ते तीन आठवडे पुन्हा बोलत होत्या. जेवत पण होत्या नीट."

मितेशची आई, गोदूबाई, मागच्या पडवीत होत्या. तांबूस, जाडजूड बोका त्यांच्या मांडीवर पसरला होता. पुढ्यात पानाचा डबा. त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली आणि पुढे केली.

"घे बाय."

रुचिरानं सुपारी घेतली नाही. अडकित्ता उचलला. वरचं पातं सरळ, धारदार. खालचं बोथट. तिनं पर्समधून साचा काढला आणि त्या दोघांच्या मधे धरला. चीर पात्याला लागली, दाब खालच्या बाजूला.

गोदूबाईंनी पाहिलं. मग बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"दिवाळीतलं यंत्र खापऱ्यानंच चावलं होतं, आजी," रुचिरा खालच्या आवाजात म्हणाली. "त्याचे दात मी ओळखते. हे काम त्याचं नाही. चिरेत सुपारीचे कण आहेत. पण अडकित्ता कुणीही उचलला असता, म्हणून मी बॅटरीचा विचार केला. मांजर यंत्र पळवेल. बॅटरी काढून, डबीत ठेवून, झाकण फिरवून जाणार नाही. दिवाळीत तुम्ही, मितेश आणि मृणाली, तिघंही क्लिनिकमध्ये होता. तेव्हा मी सांगितलं होतं, ही बॅटरी मांजरानं गिळली तर त्याची अन्ननलिका जळेल. मितेशला यंत्र मोडायचं होतं असं धरलं, तर त्यानं बोक्यासाठी इतकी काळजी घेतली नसती. मृणालीला बोकाच नको होता. ज्यानं यंत्र टोपलीत टाकलं, त्याला खापऱ्या जगायला हवा होता. असं या घरात एकच माणूस आहे."

"आनखी?"

"आणखी ते तीन आठवडे. यंत्र नसलं की काय मिळतं, ते तुम्हाला तेव्हा कळलं."

गोदूबाई हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं.

"लग्न झाला तवापासून या घरात एकच आवाज. त्याचा. मी तोंड उघरला का ताट भिंतीवर. माजी आय पडघ्याला मेली, तवा भाताची आवनी चालू होती. बोलला, मेलेल्याला काय बगाचा, चिखलात उतर. मी उतरली. मंग देवानं त्याचे कान नेले." त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "अकरा वर्सं मी बोलली, बाय. तोंडावर बोलली. सगला. एकदा जेवाला वारताना बोलली, तू मेला असतास तं माजी आय मना दिसली असती. तो बोलला, हां, मीठ जरा कमी हाय."

रुचिरानं अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला.

"पोरानं हौसेनं मशीन आनली. माजा तोंड परत बंद. मना वाटला, दोनदा मोरली तं कंटालतील, आनखी आननार न्हाय. या मुक्या जिवावर येल, असा वाटला न्हाय."

"फॉर्मवर मला कारण लिहायचं आहे."

"मांजर लिव."

"मग तुमचा बोका ऊन उतरल्यावर गोणीत जाईल."

"आनि माजा नाव लिवलास तं?"

"नवं यंत्र येईल. आणि ते तुमच्या हाताला लागणार नाही अशा जागी राहील."

पडवीच्या पत्र्यावरून उन्हाची कड खाली सरकली होती. बाहेरून चांगदेवांची हाक आली. "मितेश! गोनी घे!"

गोदूबाई तरीही हलल्या नाहीत. म्हणाल्या, "माजा भाव हाय पडघ्याला, दामू. एकटाच ऱ्हातो. दर भाऊबीजेला बोलतो, ये. दर भाऊबीजेला मी बोलतंय, बगू." मग त्यांनी बोक्याला खांद्यावर घेतलं. "तुज्याकडं दुसरी मशीन हाय ना? चल, लाव त्याच्या कानाला."

"नक्की?"

"लाव. चांगली मोठी कर."

ओटीवर रुचिरानं तात्पुरतं यंत्र चांगदेवांच्या कानात बसवलं. शिट्टी आली, तिनं कानातलं रबरी टोक थोडं फिरवलं, शिट्टी थांबली. मितेश गोणी हातात घेऊन उभा होता. मृणाली दारात आली.

"माझा आवाज येतोय?" रुचिरानं साध्या आवाजात विचारलं.

"येतो. ओरडू नको."

रुचिरा बाजूला झाली. गोदूबाई नवऱ्यासमोर, हातभर अंतरावर येऊन उभ्या राहिल्या. बोका खांद्यावरून गोणीकडे बघत होता.

"मशीन मी मोरली," त्या म्हणाल्या. "अडकित्त्यानं. मांजरानं न्हाय."

चांगदेवांचं तोंड उघडलं.

"तुमी गप बसा. आता मी बोलतंय. मी पडघ्याला चालली, दामूकडं. आत्ता. मांजर घेऊन. आनि परत येनार न्हाय."