गडगडाट, डाउनलोड न केलेला

"थांबा! ते बटण दाबू नका!"

हे आमचं पहिलं बोलणं. मी नाटकाची प्रकाशयोजना करते. तो त्याच दुपारी रुजू झालेला ध्वनीवाला. संध्याकाळी पहिला प्रयोग, आणि त्याच्या सॉफ्टवेअरची मुदत संपलेली. वादळाचा आवाज त्यातच अडकलेला. म्हणून कुठल्याशा साइटवरून त्याने त्याच सॉफ्टवेअरची, कुणीतरी मोडून पुन्हा बांधलेली फुकट प्रत उतरवली होती.

मी त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं : 'आधी अँटीव्हायरस बंद करा.'

"चोर सांगतोय कुत्रा बांधा… आणि तुम्ही साखळी शोधताय?"

तो हसला. आधी डोळे, मग ओठ. "सगळेच असं करतात हो."

"नाटकाचे सगळे आवाज याच लॅपटॉपमध्ये ना? दुसरी प्रत?"

त्याचे कान लाल झाले – प्रत नव्हती.

मी माझा जुना, कामाचं काहीच नसलेला लॅपटॉप काढला. नेट तोडलं, फाइल पेनड्राइव्हने तिकडे नेली आणि उघडली. डोक्याला डोकं लावून आम्ही बघत राहिलो. काहीच होईना… मग एकेक फाइल कुलूपबंद होत गेली आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली.

"बाप रे! हे माझ्या लॅपटॉपवर झालं असतं तर…"

"तर आज मूकनाट्य. तो पेनड्राइव्ह कचऱ्यात टाका, आणि आधी आवाजांची प्रत काढा."

"आणि वादळ? दिग्दर्शक मला कच्चा खातील!"

रंगमंचामागे नेपथ्याचा उरलेला पत्रा पडला होता. मी तो दोन्ही हातांनी थरथरवला. दिग्दर्शक धावत बाहेर आले. "आभाळ कोसळलं की काय?"

आम्ही दोघं पोट धरून हसलो.

संध्याकाळी वीज माझी, गडगडाट त्याचा. कानावरच्या हेडफोनच्या माइकमध्ये मी कुजबुजायचे, "आता…" आणि विंगेत तो पत्रा हलवायचा. पहिल्या रांगेतल्या बाईंनी चक्क पदर डोक्यावर घेतला! नाटक संपलं, टाळ्या थांबेनात.

"ऐक ना…" हेडफोनमध्ये त्याचा आवाज, दम लागलेला. "तू मला… फार आवडतेस."

"अहो-जाहो संपलं वाटतं?"

"उत्तर दे ना!"

"अरे, मीही लाइनवर आहे!" दिग्दर्शक खेकसले. "दे बाई लवकर!"

उत्तर म्हणून मी सगळ्यात मोठा दिवा वळवला आणि विंगेच्या कडेला, हातात पत्रा धरून घामाघूम उभ्या असलेल्या त्याच्यावर सोडला. सारं प्रेक्षागृह त्याच्यासाठी उठून उभं राहिलं.