दिवेलागणीचं मीठ

आम्ही हैदराबादच्या काचीगुड्याचे जुने लोक. दिवेलागणीनंतर शेजारी मीठ मागायला जात नाही, लक्ष्मी जाते. त्या संध्याकाळी डबा रिकामा, ताक घुसळलेलं, आणि आमचे एकनाथराव अळणी ताकाला विष म्हणणारे.

सून अपर्णा पुण्याची, शिकलेली. परदेशातल्या मिठाच्या खाणीचं काम घरूनच करते. तिच्या टेबलावर पेटी होती, बांगड्यांच्या पेटीसारखे खण, खणात खाणीतून तपासायला आलेले मिठाचे दांडके. एक दांडका बाहेरच पडला होता. मी तो घेतला, टोक ठेचलं, उरलेला ताटलीत ठेवला. मीठ ते मीठ.

चिमूट पडली आणि ताक तडतडायला लागलं. गार ताक हो, फोडणीच्या मोहरीसारखं.

एकनाथराव म्हणाले, "तुझ्यावर गेलंय, गप्प बसत नाही."

"मुकाट प्या," मी म्हटलं.

अपर्णा धावत आली. "आई, कुठलं मीठ घातलंत?"

"तुझंच. चिमूटभर मिठानं तुझे साहेब भिकेला लागत नाहीत."

ती हसली नाही. म्हणाली, जमिनीखाली मीठ पुरीसारखं फुगून वर येतं, पण सगळं एकसारखं नसतं. मध्येच एखाद्या पट्ट्यात वायू कोंडलेला असतो, ते मीठ विरघळताना असं तडतडतं. यंत्राचा दात तिथे लागला की भिंत तोफेसारखी फुटते. नवा बोगदा आणखी पुढे खणायला होकार तिनेच द्यायचा होता, आणि सगळे दांडके चांगले निघाले म्हणून ती तो द्यायलाच बसली होती.

तिनं भांड्याला कान लावला. मग फोन लावला. "काम थांबवा. माणसं बाहेर काढा." पलीकडचा बराच करवादला. "नोकरी गेली तर गेली," ती म्हणाली. पुण्याची असली तरी तालीम माझी.

जेवणं झाल्यावर फोन आला. बोगद्याची भिंत आपोआप फुटली होती. आत कुणी नव्हतं.

मी शिरा केला. चिक्कडपल्लीच्या नणंदेला सगळं दोनदा ऐकवलं. एकनाथरावांनी ताक मागून घेतलं.

अपर्णा ताटली घेऊन पेटीकडे गेली ती आलीच नाही. मी गेले.

पेटीतला प्रत्येक खण भरलेला. सगळे दांडके अख्खे.

"आई, हा यातला नाही."

"मग आणला कुणी?"

तिनं ताटली माझ्यापुढे केली. मी तुकडा दिव्यासमोर धरला. काचेसारखा आरपार. त्यावर बोटांचे ठसे होते.

माझेच असतील म्हणून पदरानं पुसायला गेले, निघेनात.

ठसे आतून होते.